ही सहल की फरफट?

दिवाळी जवळ आली की आमच्या वऱ्हाडात दोन गोष्टींचे बार एकदम उडू लागतात. एक फटाक्यांचे आणि दुसरे परदेशी सहलींच्या जाहिरातींचे. फटाक्यांचा आवाज भाऊबीजेपर्यंत विरून जातो. दुसऱ्या बाराचा आवाज मात्र हप्त्यांच्या रूपाने पुढची दिवाळी येईपर्यंत कानांत घुमत राहतो. "बँकॉक-पटाया! चार रात्री, पाच दिवस! शुद्ध भारतीय जेवण! आधी फिरा, पैसे सावकाश भरा!" अमरावतीचा राजकमल चौक घ्या की वरुडचे बसस्थानक घ्या, ही अक्षरे तुमच्या डोळ्यांत बोट घालायला उभीच असतात.

आमचे शेंदूरजनाघाट म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचे, संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेले गाव. इथला कास्तकार दहा कलमा घ्यायच्या असल्या तरी खुंट जंभेरीचा आहे ना हे विचारतो, डोळा कोणत्या झाडाचा भरला ते विचारतो, मुळे उलटीसुलटी करून पाहतो आणि मगच बंडीच्या खिशात हात घालतो. हाच चोखंदळ माणूस चार माणसांच्या सहलीचे लाख-दोन लाख रुपये मात्र एक रंगीत कागद पाहून मोजतो! कुठे उतरवणार, किती वाजता उतरवणार, भर दुपारी कुठे उभे करणार, यांतले एक अक्षर तो विचारीत नाही. कलमेला जो न्याय, तो सहलीला का नाही, एवढाच माझा सवाल आहे.

आधी एक गैरसमज दूर केलेला बरा. परदेशी जाऊच नये, घरात बसून चकल्या खाव्यात, असे सांगणाऱ्यांपैकी मी नाही. 'वऱ्हाडातल्या माणसाला हे भिकेचे डोहाळे कशाला?' असे म्हणणारे पुष्कळ विद्वान आमच्या पारावर बसतात. त्यांना मी दोन नावे सांगतो. गोडसे भटजी वरसईहून १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते घरचे कर्ज फेडायला. पण येताना त्यांनी जे डोळ्यांत साठवून आणले, ते १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून छापले गेले आणि अजून वाचले जाते. दुसरे नाव तर आमच्याच जिल्ह्याचे. यावलीच्या ज्या माणसाने खेड्यासाठी ग्रामगीता लिहिली, ते तुकडोजी महाराज १९५५ साली जपानला जाऊन आले होते. खंजिरी घेऊन फिरणाऱ्या संताला समुद्र आडवा आला नाही, मग आपल्यालाच का यावा? आणि आता तर थायलंडने २०२३ च्या नोव्हेंबरात भारतीयांना व्हिसाच माफ केला. असे नियम पुढेमागे बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्यावे हे खरे. परंतु कोलकात्याहून विमानात बसले तर बँकॉक अवघे अडीच तासांवर आहे. वरुडहून एस.टी.ने नागपूर गाठायलासुद्धा जवळपास तेवढाच वेळ लागतो!

तेव्हा जावे. अवश्य जावे. वाद आहे तो कसे जावे, कोणाच्या घड्याळाने जावे आणि कोणाच्या पैशाने जावे, याबद्दल.

घड्याळापासूनच सुरुवात करू. त्या रंगीत कागदावर 'पाच दिवस' लिहिलेले असते. ते पाच दिवस कसे मोजतात ते पाहा. विमान रात्री निघते आणि पहाटे पोहोचते. हा झाला 'पहिला दिवस'. हॉटेलची खोली दुपारी दोनशिवाय मिळत नाही. मग रात्रभर न झोपलेल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकरांना सरळ बसमध्ये कोंबून दीडशे किलोमीटरवरच्या पटायाला नेतात. दोन रात्री तिथे. तिसऱ्या दिवशी परत बँकॉक, आणि वाटेत हिऱ्यामाणकांचे एक भले मोठे दुकान. तिथे मात्र बस तास-दीड तास उभी राहते. देवळाला वीस मिनिटे आणि दुकानाला दीड तास, हा हिशेब कोणत्या पंचांगात बसतो? ज्या दुकानातून बसवाल्याला दलाली मिळते तिथे बस थांबते. देवळातून दलाली मिळत नाही, म्हणून देवळापाशी "चला, चला, उशीर होतो" सुरू होते. चौथ्या दिवशी प्राण्यांची बाग. पाचव्या दिवशी पहाटे विमानतळ. म्हणजे ज्या शहराचे नाव कागदावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत छापले होते, त्याच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस आला! याला सहल म्हणत नाहीत. याला फरफट म्हणतात.

आता उन्हाचा मुद्दा घेऊ, कारण या विषयात वऱ्हाडच्या माणसाइतका अधिकारी दुसरा कोणी नाही. मे महिन्यात आमच्या अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. त्यामुळे आपला माणूस छाती काढून म्हणतो, "बँकॉकचे ऊन ते काय! एप्रिलातसुद्धा पस्तीस-छत्तीस अंश. आपण तर त्यात पांघरूण घेऊन झोपू!" इथेच घात होतो. आपले ऊन कोरडे. आपला घाम अंगावर येता येता वाळतो आणि वाळताना अंगाचा ताप घेऊन जातो. म्हणून तर आपल्याकडे वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर खोली गार करतो. बँकॉकची हवा समुद्राकाठची, आधीच पाण्याने भरलेली. तिथे घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. आपला कूलर तिथे लावला तर खोली गार होण्याऐवजी आणखी गदमदेल. पारा दहा अंश खाली असूनही माणूस अर्ध्या तासात गळून जातो, तो यामुळे. सातवीच्या भूगोलातले आर्द्र आणि शुष्क हवामान ते हेच. परीक्षेपुरते पाठ केले आणि सहलीला निघताना विसरलो.

आणि जायचे केव्हा? बहुतेक कुटुंबे मुलांच्या सुट्ट्या पाहून एप्रिल-मेमध्ये निघतात. एप्रिल हा तिथला सर्वांत तापलेला महिना. १३ एप्रिलच्या सुमारास तिथे 'सोंगक्रान' नावाचा सण होतो. हा शब्द म्हणजे आपली संक्रांतच; सूर्य मेषेत जातो तेव्हाची. त्या दिवसांत सारे शहर एकमेकांवर पाणी उडवीत रस्त्यावर उतरते. उगाच का उडवते? मेच्या मध्यापासून पाऊस, तो ऑक्टोबरपर्यंत. सप्टेंबरात सर्वांत जास्त. या काळात सहली स्वस्त मिळतात त्या कोणाच्या दयेने नव्हे, तर त्या काळात जाणकार माणूस तिथे कमी जातो म्हणून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे तिथले बरे दिवस. म्हणजे दिवाळीनंतरचे! आंबिया बहाराची संत्री तुटलेली, हातात दोन पैसे आलेले, मुलांना सुट्टी, आणि तिकडे पाऊस सरून हवा निवळलेली. आपल्या घरचा हंगाम आणि त्या शहराचा हंगाम असा जुळत असताना आपण जाहिरातवाल्याच्या हंगामाने का जावे?

आता एक नाजूक गोष्ट, पण दिवाळी अंक घरातली सगळी माणसे वाचतात म्हणूनच ती बोलली पाहिजे. आमच्याकडे कोणी बँकॉकचे नाव काढले की ओट्यावरची मंडळी एकमेकांकडे पाहून डोळे मिचकावतात. "काय गुरुजी, बँकॉकले चालले म्हणते! आन वहिनीलेही नेता का काय?" हा विनोद मी स्वतः ऐकून घेतला आहे. हा विनोद आला कुठून? खत-औषधांच्या काही कंपन्या आपल्या दुकानदारांना विक्रीचा आकडा ठरवून देतात. आकडा गाठला की बक्षीस म्हणून बँकॉकची वारी. सगळे पुरुष, सगळे फुकट. सगळेच दुकानदार असे, असे मी म्हणत नाही. माझे विद्यार्थीच त्या धंद्यात आहेत आणि इमानाने धंदा करणारे पुष्कळ आहेत. पण जिथे वर्षाचा आकडा गाठायला दोनशे बाटल्या कमी पडतात, तिथे त्या बाटल्या कोणाच्या वावरात रिकाम्या होतात? जिथे एका फवारणीने भागले असते तिथे तीन सांगितल्या जातात, आणि तिसरीचे पैसे उधारीच्या वहीत कास्तकाराच्या नावावर चढतात. तो बँकॉकला गेलेला नसतो. त्याने फक्त दुसऱ्याचे तिकीट काढलेले असते! आपल्या जिल्ह्यांत कर्जापायी किती घरांचे दिवे विझले हे काय मी सांगायला हवे? फुकटची सहल जगात नाही. ज्याने पैसे दिले, त्याला ठाऊक नसते एवढेच.

आणि ज्या शहराच्या नावावर आपण डोळे मिचकावतो ते शहर खरोखर कसे आहे? पहाटे सहाच्या आधी तिथे भगवी वस्त्रे नेसलेले अनवाणी भिक्षू रांगेने भिक्षेला निघतात आणि दुकाने उघडण्यापूर्वी बायाबापड्या त्यांच्या पात्रांत वाफाळलेला भात वाढतात. ही त्या शहराची सकाळ. आपली बस त्या वेळी पटायाच्या वाटेवर असते, म्हणून ती आपल्याला दिसत नाही. शहराला नावे ठेवण्यापूर्वी त्याची सकाळ तरी पाहायला नको का?

नुसती टीका करून हात झटकणे मास्तराला शोभत नाही. म्हणून माझी योजना मांडतो. मागच्या कार्तिकात आम्ही घरची चार माणसे, म्हणजे माझी सत्तरीची आई, सौ., मुलगी आणि मी, अशीच जाऊन आलो. तेव्हा ही योजना पुस्तकी नाही.

पहिला नियम: शहर एक, मुक्काम चार रात्री. पटाया नाही, दोन शहरे नाहीत. दुसरा नियम: पोहोचण्याचा दिवस झोपेचा. एका रात्रीचे जास्त भाडे पडले तरी चालेल, पण खोली सकाळीच ताब्यात मिळेल अशी बोली आधी करावी. तिसरा नियम आपल्या आजोबांचा: दुपार घरात. वैशाखात आपला कास्तकार पहाटे वावरात जातो, दहाच्या आत परततो, दुपारी दार लोटून पडतो आणि चारनंतर पुन्हा बाहेर निघतो. हेच वेळापत्रक जसेच्या तसे उचलून बँकॉकला न्यावे. तिथले घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. तिथे सहाला उठायचे म्हणजे आपले साडेचार. ज्याच्या घरी गोठा आहे त्याला यात काय अवघड?

सकाळी साडेआठला राजवाडा उघडतो, तेव्हा दारात उभे असावे. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आपल्या साड्या आणि पायजमे तिथे अगदी शिष्टसंमत ठरतात. आत पाचूच्या बुद्धाचे देऊळ आहे आणि त्याच्या भोवतीच्या ओवरीत रामायणाची १७८ भित्तिचित्रे आहेत. त्यांच्या रामायणाचे नाव 'रामकियन'. आमच्या आईने चष्मा पुसून एकेक चित्र ओळखायला सुरुवात केली, आणि हनुमान दिसताच हात जोडले. तिथला हनुमान ब्रह्मचारी नाही, हे मात्र मी तिला सांगितले नाही! बसवाल्यांची वीस मिनिटे असती तर ती पाचव्या चित्रापाशीच राहिली असती. हे शहर १७८२ साली पहिल्या रामराजाने वसवले. राजाचे नाव राम, त्या देशाची जुनी राजधानी अयुध्या, म्हणजे आपली अयोध्या, ब्रह्मी सैन्याने १७६७ साली उद्ध्वस्त केलेली. शहराचे खरे नाव क्रुंग थेप, देवांचे नगर. आणि पूर्ण नाव तर एवढे लांब की त्यात रत्ने, महेंद्र आणि विश्वकर्मा सगळे येऊन जातात. इतके आपले शब्द जिथे भेटतात ते गाव परके कसे?

राजवाड्याजवळच वाट फो. तिथे बुद्धाची निजलेली मूर्ती ४६ मीटर लांब आहे. रेल्वेचे दोन डबे एकापुढे एक ठेवावेत तेवढी. तळपायांवर शिंपल्याच्या कामात १०८ शुभचिन्हे. अकराच्या आत हे उरकून परतावे. दुसऱ्या दिवशी होडीने पलीकडे वाट अरुणला जावे. अरुण म्हणजे आपला अरुणच. नाव पहाटेचे, तेव्हा पाहायचे तेही सकाळी. परतताना मोठ्या झोपाळ्याजवळचे ब्राह्मणांचे देवस्थान पाहावे. तिथले ब्राह्मण दरवर्षी मे महिन्यात राजवाड्यासमोरच्या मैदानात नांगरटीचा सोहळा करतात. बैलांपुढे भात, मका, तीळ, गवत, पाणी असे सात पदार्थ मांडतात आणि बैल कशाला तोंड लावतो त्यावरून सालाचे पीकपाणी सांगतात. आपल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते, तिचीच ही बहीण म्हणायची! सोहळा मेमधला, तो आपल्या वाट्याला येणार नाही; पण ते मैदान पाहून पोळ्याची आठवण न आली तर आपण वऱ्हाडचे कसले?

दुपारी एक तर झोपावे, नाही तर नॅशनल म्युझियममध्ये जावे. सोमवार-मंगळवारी ते बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. चारनंतर नदी. चाओ फ्राया नदीवर लोकांच्या रोजच्या बोटी चालतात. त्यांतली नारिंगी झेंड्याची बोट धरावी. संत्रेवाल्यांना ती खूण विसरायला नको. बसवाले हीच नदी रात्री गाण्याबजावण्यासह भारी पैशांत दाखवतात. नारिंगी बोटीत ती शाळेतली पोरे आणि भाजीच्या टोपल्या यांच्यासह थोडक्या पैशांत दिसते. संध्याकाळी पाक ख्लोंगच्या फुलबाजारात जावे. झेंडूच्या राशी पाहून सौ. म्हणाली, "अवं, हा तं आपला दसरा!" आईने तर बोटांनीच भाव पाडून मोगऱ्याचा गजरा घेतला. आणि सुट्टी कार्तिकी पौर्णिमेपर्यंत पुरत असेल तर भाग्यच. बहुधा त्याच पौर्णिमेला तिथे 'लोय क्राथोंग' असते. केळीच्या सोपट्याचे द्रोण, त्यांत फुले, उदबत्ती आणि दिवा. ते नदीत सोडतात. आपण त्रिपुरी पौर्णिमेला सोडतो त्या दिव्यांशी ताडून पाहावेत.

आता आक्षेप. "खायचे काय?" घरचा चिवडा न्यावा, शंकरपाळे न्यावेत, दिवाळीच आहे. शाकाहारी माणसाने 'जे' हा एक शब्द शिकावा आणि लाल अक्षरांची पिवळी पताका ओळखावी. तिथे मांसमासळी नसते. इतरत्र भाजीतही माशांचे पाणी घालतात, म्हणून विचारून खावे. फाहुरात भागात गुरुद्वारा आहे, भोवती आपल्याकडची जेवणाची दुकाने आहेत. चिवड्यावर राग नाही. पण पाच दिवस पनीर खाऊन 'परदेश पाहिला' म्हणणाऱ्यांवर आहे. "भाषा?" आपल्या कास्तकाराने बांगलादेशच्या व्यापाऱ्याशी संत्र्याचा सौदा कोणत्या भाषेत केला होता? "म्हातारी माणसे?" त्यांनाच तर बसची फरफट सोसत नाही, दुपारची झोप त्यांना मिळते ती या योजनेत. नळाचे पाणी पिऊ नये, शहाळे प्यावे, मीठ-साखर जवळ ठेवावी, सैल सुती कपडे घालावेत, आणि बाहेरच्या घामात एकदम थंडगार दुकानात शिरताना अंगावर दुपट्टा घ्यावा. लूपासून कान वाचवणारा आपला दुपट्टा तिथे यंत्राच्या थंडीपासून वाचवतो.

राहिला पैसा. ज्यांचे नाव घेताना आमचा जिल्हा मान खाली घालतो त्या गाडगेबाबांनी गावोगाव खराटा हाती घेऊन सांगितले की कर्ज काढून सण करू नका, लेकरे शिकवा. त्याच मातीत 'आधी फिरा, मग भरा' ही पाटी उभी राहते आणि आपण तिच्याखाली रांग लावतो! पैसा साठला असेल तर जावे. नसेल तर आणखी दोन बहार थांबावे. बँकॉक पळून जात नाही. तोवर १९६३ चे पु. ल. देशपांड्यांचे 'पूर्वरंग' गावच्या वाचनालयातून आणून घरात मोठ्याने वाचावे; माणूस पूर्वेकडे हसत आणि जागेपणी कसे जातो ते कळेल.

तेव्हा मंडळी, या दिवाळीत फराळाच्या ताटापाशी घरची माणसे गोळा करा. रंगीत कागद बाजूला सारा, कोरा कागद घ्या आणि मुलीच्या हाती पेन्सिल द्या. आजीला विचारा, तिला काय पाहायचे आहे. बायकोला विचारा, तिला केव्हा दमायला होते. मग एका दिवसाला एक सकाळ आणि एक संध्याकाळ एवढेच लिहा, आणि मधली दुपार कोरी सोडा. जो तुमची दुपार विकत घेऊ पाहील त्याला दारातूनच परत पाठवा. आपला पैसा, आपली माणसे, आपले घड्याळ. असे जाल तर चार दिवसही पुरे होतील, आणि दुसऱ्याच्या घड्याळाने गेलात तर चाळीसही पुरणार नाहीत.